हौद्याची जीप



या पानावर मी एरवी बियाणे, खते, कीड आणि पाणी यांच्याबद्दल लिहितो. आज लोखंडाबद्दल लिहिणार आहे. कारण गावोगाव फिरताना एक दृश्य मला हमखास दिसते. गोठ्याच्या कडेला किंवा चिंचेखाली एक जुनी गाडी उभी असते. कुणाची जीप, कुणाची मॅटाडोर, कुणाचा तीनचाकी टेम्पो. टायर जमिनीत रुतलेले, टपावर कोंबड्या बसलेल्या. विचारले तर घरधनी म्हणतो, "वडिलांची आहे साहेब. विकायचं मन होत नाही, दुरुस्तीला पैसा होत नाही." अशा घरांसाठी आजचा लेख. अनुभव आमच्याच घरचा आहे आणि त्यात माझी एक मोठी चूक आहे. तीही सांगणार आहे.

आमचे मूळ गाव संगमनेर तालुक्यात. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. तात्यांनी १९७९ साली सरकारी लिलावात एक जीप घेतली. गाडी १९६४ सालची, महिंद्रची, उंच बोनेटची सी.जे.-३बी. ही मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची बांधणी. महिंद्र कंपनीने परवाना घेऊन ती आपल्या देशात बनवली. तात्यांनी मागची बाके काढली, ताडपत्रीचा सांगाडा काढला आणि गावच्या सुताराकडून सागवानी फळ्यांचा हौदा करून घेतला. पत्रा कुठे कापला नाही, फळ्या बोल्टांनी बसवल्या. तेव्हापासून गावात ती 'हौद्याची जीप' झाली. टोमॅटो, कांदा, पेंड, खताच्या गोण्या, अडलेली बाई, लग्नाचे वऱ्हाड, सगळे तिने वाहिले. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वीस-बावीस वर्षे ती चालवत होते. २००४ साली तात्या गेले. २००६ साली गाडी एकदा बंद पडली, ती गोठ्याच्या पडवीत ढकलून ठेवली आणि तिथेच राहिली.

दादांचा धाकटा मुलगा आय.टी.आय. झाला आहे, डिझेल मेकॅनिकचा. दोन वर्षे नोकरी शोधली, मिळाली ती टिकली नाही. शेवटी घरी आला. शेतात मन नाही आणि घरात बसवत नाही, असे झाले. बाप-लेकाचे बोलणे 'जेवण झालं का' आणि 'मोटर चालू कर' एवढ्यावर आले. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला मी गावी गेलो, तर अंगणात भंगारवाला उभा. गाडीचे वजन हजार किलोच्या घरात, तो एकतीस हजार द्यायला तयार. पुतण्या म्हणत होता, "विकू नका, मी चालू करतो." दादा म्हणत होते, "ज्याला सायकलची चेन बसवायला दोन दिवस लागतात, तो जीप चालू करणार!"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला, सरकारी माणूस. मी हिशेबाचे बोललो. म्हटले, "विका. दुरुस्तीत लाखभर जाईल, आणि लाखाची गाडी काही होणार नाही." पुतण्या काही न बोलता पडवीत गेला आणि पत्र्याचा तुकडा घेऊन बोनेटच्या बाजूचा रंग खरवडू लागला. राग कशावर तरी काढायचा म्हणून.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "काका, इकडं या." तात्यांनी दिलेल्या हिरव्या रंगाखाली करडा रंग निघाला होता आणि त्यावर पांढरी अक्षरे होती. पहिले नाव पुसून गेले होते. उरले होते ते 'पंचायत समिति'. समितिमधली 'ति' ऱ्हस्व, जुन्या वळणाची.

मी तिथेच बसलो. समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला आणि त्यातून विकास गटांच्या जीपगाड्या खेड्यांत येऊ लागल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून आल्या. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सी.एस.एच.-१, प्रसारित झाले ते साल १९६४, म्हणजे ह्या जीपच्याच जन्माचे. राहुरीला शिकताना आम्हाला हे सगळे पाठ होते. हायब्रीडचे बी, युरिया आणि प्रात्यक्षिकाचे फलक घेऊन माझ्याआधीचे विस्तार अधिकारी अशाच गाड्यांतून बांधावर गेले असतील. मी पंचायत समितीतच नोकरी करतो. माझ्याच खात्याची गाडी मी वजनावर विकायला सांगत होतो.

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. दादा म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. माझा एक रुपया मागू नका." एवढ्या परवानगीवर काम सुरू झाले. मी शनिवार-रविवारी जाई, बाकीचे दिवस पुतण्या एकटा.

आता कामाचे सांगतो.

पहिले काम पान्याचे नव्हे, हातोडीचे. गाडी धुतली, वाळवली आणि सांगाडा, म्हणजे चासी, पुढून मागपर्यंत छोट्या हातोडीने ठोकत गेलो. चांगले लोखंड खणकन वाजते, सडलेले भदभद आवाज देते. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले. मागची आडवी पट्टी आणि पायाखालचा पत्रा गेला होता. मुख्य दोन्ही दांडे शाबूत होते. तुमच्या गाडीचे मुख्य दांडे सडले असतील तर मंडळी, माया आवरा आणि तिथेच थांबा. इंजिन पुन्हा बांधता येते, सडलेल्या दांड्यावर बांधलेली गाडी माणूस मारते.

याच वेळी इंजिन नंबर आणि चासी नंबर शोधून ठेवा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. गंज काढायच्या भरात ग्राइंडर फिरला आणि नंबर पुसला गेला, तर पुढे कागदपत्रांचे काम अडते.

दुसरे काम जॅकचे. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. गाडी उचलली की दांड्याखाली लाकडाचे भक्कम ओंडके सरकवायचे, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, गाडी हलवून पाहायची आणि मगच खाली शिरायचे. पोकळ विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावू नका, ते न सांगता फुटतात. आणि एकट्याने गाडीखाली शिरू नका. पुतण्या खाली असला की वहिनी दळण घेऊन पडवीत बसत. गव्हातले खडे निवडता निवडता दर थोड्या वेळाने हाक मारत, "आहेस का रे?" तो वैतागे, पण ओ देई.

तिसरे काम पेट्रोलच्या टाकीचे. ह्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली असते. म्हणजे पायाखालचा पत्रा वेल्ड करायचा तर शेजारीच टाकी. आम्ही ती पूर्ण काढून लांब ठेवली आणि बॅटरीही सोडली. रिकामी टाकी धोक्याची नाही, असे पुष्कळांना वाटते. उलट आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त भडका घेते. टाकीला भोक असेल तर स्वतः वेल्डिंग करायला जाऊ नका. हे काम रोज करणारा कारागीर गाठा, नाहीतर टाकी बदला.

मग इंजिन. ह्या गाडीला चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे, २१९९ सी.सी.चे. त्याची एक गंमत आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. एवढी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारायचा नसतो. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, ओढल्या तर तुटतात किंवा ओरखडे काढतात. आम्ही चारही प्लग काढले, त्या भोकांतून इंजिन ऑईल आणि डिझेलचे मिश्रण थोडे थोडे सोडले आणि आठ दिवस हात लावला नाही. मग गाडी न्यूट्रल करून पुढून हँडल लावले. पहिल्या दिवशी जागचे हलले नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. चौथ्या खेपेला बोटभर सरकले. पुतण्याने मला फोन केला तो एवढेच सांगायला, "काका, सरकलं."

हँडल मारायची रीत नव्या पोरांना कोणी शिकवत नाही, म्हणून लिहितो. अंगठा हँडलच्या पलीकडे घालायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि दाबायचे नाही, खालून वर ओढायचे. इंजिन उलटे फिरले तर हँडल बोटांतून सुटते. अंगठा अडकलेला असेल तर अंगठा मोडतो, नाहीतर मनगट. आमच्या तात्यांचा उजवा अंगठा कायम वाकडा होता, तो याच कारणाने.

इंजिन मोकळे झाल्यावर प्लग न लावताच ते फिरवून आतले तेल बाहेर काढले. तेल आत राहिले आणि प्लग लावून स्टार्टर मारला, तर दट्ट्या वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खालचे सगळे ऑईल काढून नवे भरले, कारण जुन्यात डिझेल उतरलेले असते. हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले होते. रेडिएटरमध्ये माती होती, ती इंजिनाच्या बाजूने हलक्या पाण्याने काढली. तिसऱ्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह अडकून बसला होता, तो तेल सोडून सोडून मोकळा केला. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, त्या सगळ्या नव्या ओढल्या आणि मध्ये फ्यूज टाकले. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून त्यांचे अंतर ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवले. प्लगचे अंतर ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर. पेटण्याचा क्रम १-३-४-२. पुष्कळ चार सिलिंडरी ट्रॅक्टरांचा हाच क्रम असतो, त्यामुळे पोराला तो शिकवावा लागला नाही.

श्रावणातल्या एका रविवारी इंजिन सुरू झाले. आधी दोनदा फुरफुरले, मग काळा धूर, मग धरले. गोठ्यातली जनावरे बुजली, शेजारपाजारचे धावत आले. दादा ओट्यावर होते. उठले नाहीत, पण आवाज ऐकत राहिले. थोड्या वेळाने कुणाला तरी म्हणाले, "तिसरा सिलिंडर अजून बरोबर मारत नाही." वीस वर्षे ज्याने गाडी चालवली, त्याच्या कानाला ते कळले होते.

इथून पुढे माझी चूक.

आठ दिवसांनी पोळा आला. ब्रेकचे काम व्हायचे होते. आम्ही फक्त मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑईल ओतले होते आणि पेडल मारून मारून ते कडक झाले होते. पुतण्या म्हणाला, "काका, रबर जुनी आहेत, उघडून बघू." मी म्हणालो, "पेडल कडक आहे की! आज पोळा आहे. बैलांबरोबर हिलाही मारुतीपर्यंत फिरवून आणू." अंगणात बैल सजवून उभे होते. शिंगांना बेगड, अंगावर झुली, भोवती पोरांची गर्दी. स्टिअरिंगवर मी बसलो. पुतण्या मागे हौद्यात.

आमच्या अंगणातून विहिरीकडे उतार आहे. गाडी निघाली, उताराला लागली, आणि मी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला. पोरे पुढे आली म्हणून पुन्हा जोराने दाबला, तर पेडल एकदम मऊ होऊन खाली पाटाला टेकले. हँडब्रेक ओढला, काही झाले नाही. घाबरून मी क्लच दाबला आणि गाडीने उलट वेग घेतला. पुतण्या ओरडत होता, "काका, क्लच सोडा!" वहिनींनी दोन पोरांना दंडाला धरून बाजूला खेचले. मी स्टिअरिंग डावीकडे तोडले आणि गाडी उकिरड्यात घातली. शेणखताचा ढीग कमरेएवढा होता, म्हणून थांबली. पलीकडे विहीर तीस-पस्तीस पावलांवर.

कुणाला लागले नाही. पण कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी!" एवढेच. इतरांना शहाणपण सांगत फिरणाऱ्या माणसाला ते पुरे होते.

दादा ओट्यावरून उतरले, उकिरड्यापाशी आले, वाकून चाकाच्या आतल्या बाजूला बोट लावले आणि ओले बोट पोराला दाखवले. म्हणाले, "चाकातलं रबर फाटलं. गाडी पळवता येते, हे कळलं. आता थांबवता येते का, ते दाखव." मग बाही वर सारून म्हणाले, "पाना आण."

त्या दिवशी पुरणपोळी संध्याकाळी खाल्ली. बाप-लेक अंधार पडेपर्यंत चाके उतरवत होते.

झाले काय होते, ते सगळ्यांनी समजून घ्यावे. अशा जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला ऑईलचा एकच मार्ग असतो. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक गेला तर दुसरा राहतो. जुनीत एका चाकातले एक रबर फाटले की सगळे ऑईल तिथून निघून जाते आणि चारही ब्रेक एकदम संपतात. उभ्या गाडीत हलक्या दाबाने पेडल कडक लागते, खरा जोर पडला की कुजलेले रबर फाटते. म्हणून कडक पेडलवर विश्वास ठेवू नका.

हँडब्रेक का लागला नाही? ह्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. मागच्या धुरीकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, गिअरपेटीच्या मागे, त्याचा ड्रम असतो. पेटीचे सील गळत होते, गिअर ऑईल ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरून त्या बुळबुळीत झाल्या होत्या. आणि मी क्लच दाबला ही सर्वांत मोठी चूक. ब्रेक गेला तर गाडी गिअरमध्येच ठेवावी, क्लच दाबू नये. इंजिनच गाडीला मागे ओढते. जमल्यास खालचा गिअर घ्यावा, हॉर्न वाजवावा आणि मऊ जागा पाहून गाडी घालावी.

मग ब्रेकचे काम रीतसर झाले. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली बसतो. दिसत नाही, म्हणून त्यातले ऑईल तपासायचे लोक विसरतात. तो आणि चारही चाकांतले सिलिंडर उघडले. आत गंज होता, कारण ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि वर्षानुवर्षे बदलले नाही तर आतून लोखंड खाते. दोन सिलिंडर खडबडीत झाले होते, ते नवे घातले. बाकीच्यांना नवी रबरे. रबरी होज सगळे नवे. गंजलेल्या लोखंडी नळ्या बदलल्या. ब्रेकच्या पट्ट्यांना नवी लायनिंग. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेचा पाईप लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकमध्ये बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑईलच घाला. इंजिन ऑईल किंवा दुसरे कुठलेही तेल घातले तर रबरे फुगतात. शेवटी हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्या आणि जवळच्याकडे या. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सोडायचा. आमच्याकडे पेडलवर दादा होते. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." दोन वर्षांत एवढी वाक्ये त्या दोघांत झाली नव्हती.

मग उताराच्या मध्यावर, खाली शेणखताचा ढीग तसाच ठेवून, अंगणात एकही पोर नसताना, दहा-दहा वेळा ब्रेक तपासला. खंडेनवमीला नांगर, विळे, मोटर यांच्याबरोबर जीपचीही पूजा झाली. हौद्याच्या फळ्या तात्यांच्याच आहेत, फक्त तेलपाणी केले. बोनेटला रंग दिला, पण ती दोन पांढरी अक्षरे झाकली नाहीत.

आता पेट्रोलबद्दल. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या उसापासून, मक्यापासून होते, ही आपल्याला आनंदाची गोष्ट. पण १९६४ सालची रबरे त्यासाठी केलेली नव्हती. जुना पेट्रोलचा पाईप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटे मऊ पडतात किंवा चिरतात, आणि गळते पेट्रोल गरम इंजिनावर पडले की आग लागते. म्हणून हे सगळे इथेनॉल सहन करणारे, नवे बसवा. इथेनॉल पाणीही ओढून घेते. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, गंज चढतो.

आता कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाने नमुना ३१ भरून आधी ती आपल्या नावावर करून घ्यावी. नोंदणी वाढवण्याचा अर्ज नमुना २५ मध्ये असतो. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, धंद्यासाठी नसलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. त्यात नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरवली. पण दोन अटी नीट वाचा. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिन बदललेले चालत नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा कुठल्या वाटेने जायचे, ते खर्चात पडण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून ठरवा. आमचा हौदा बोल्टांचा असल्यामुळे उतरवता येतो, ही तात्यांची कृपा. वारसाची नोंद झाली आहे, पुढचा अर्ज दिला आहे. नोंदणी आणि विमा हातात येईपर्यंत जीप आमच्या बांधाबाहेर जात नाही. पडवीतून विहिरीपर्यंत आणि परत.

हिशेबही मांडतो, कारण तुम्ही विचारणारच. सगळे मिळून एक लाख सोळा हजार गेले. सर्वांत मोठा खर्च टायर आणि ब्रेकचा. रंगाचा सर्वांत कमी, कारण तो घरी दिला. या पैशात शेतीमाल वाहायला चांगला ट्रेलर आला असता. म्हणून स्पष्ट सांगतो: माल वाहण्यासाठी जुनी गाडी दुरुस्त करू नका, तो व्यवहार बसत नाही. घरात शिकणारे हात असतील, वेळ असेल, दांडे शाबूत असतील आणि कर्ज काढावे लागत नसेल, तरच या कामात पडा. आमच्या पोराच्या हाताला मात्र काम लागले. पडवीत त्याने फळी मारून पाने टांगले आहेत. गावातले फवारणीचे पंप, पाण्याची इंजिने आणि ट्रॅक्टरचे ब्रेक आता तिथे येतात. ट्रॅक्टर आला की तो आधी विचारतो, "ब्रेक कधी उघडला होता?"

आता एवढे करा. तुमच्या घरी चालू असलेला ट्रॅक्टर, पिकअप किंवा जीप असेल, तर ह्याच आठवड्यात ब्रेक ऑईलची पातळी बघा. प्रत्येक चाकाची आतली बाजू हाताने चाचपून पाहा, ओलावा लागतो का. होज वाकवून पाहा, चिरा दिसतात का. उतारावर, मोकळ्या जागी, हँडब्रेक ओढून पाहा. ह्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. आणि सणाच्या दिवशी पोरांच्या गर्दीतून कुठलेही वाहन काढू नका, कितीही शिकलेला काका शेजारी उभा राहून सांगत असला तरी.

परवा गावी गेलो होतो. दादा जीपमध्ये बसून इंजिन ऐकत होते. म्हणाले, "तिसरा आता मारतो." पुतण्या खाली होता. खालून म्हणाला, "मग! व्हॉल्व्ह घासलाय."

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल. पीक फुलावर येण्याआधी शेतात पक्षी-थांबे उभे करून ठेवा, बाकीचे तेव्हा बोलू.